संख्येने मोठे असणारे जुलूम करतातच का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी एका शिक्षणसंस्थेत काम करते. आमच्या कर्मचारी संघटनेची वार्षिक सभा यंदा ज्या दिवशी ठरली, तो दिवस आमच्यातील एका लहान समाजाच्या सहकाऱ्यांसाठी धार्मिकदृष्ट्या अत्यंत महत्त्वाचा होता. तारीख बदलावी, अशी विनंती त्यांनी केली. ती मताला टाकण्यात आली आणि मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. मी विनंतीच्या विरोधात हात वर केला नाही, पण बाजूनेही केला नाही, गप्प बसले. त्या समाजातील माझी जवळची मैत्रीण नंतर एवढेच म्हणाली, ‘तुमच्यापैकी कोणी वाईट नाही. संख्येने मोठे असणारे सगळीकडे हेच करत आले आहेत. इतिहास काढून बघ.’ मी इतिहास काढून बघितला आणि अधिकच अस्वस्थ झाले, कारण जे पान उघडावे तिथे तेच दिसते. हा खरोखरच इतिहासाचा नियम आहे का? आणि असेल, तर मोठ्या समाजात जन्मलेल्या माझ्यासारखीने करायचे तरी काय?

उत्तर :

तुमच्या मैत्रिणीने जे पाहिले ते खरे आहे. त्यावरून तिने काढलेला नियम मात्र टिकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे, कारण बहुसंख्याक समाजातील माणसे ‘हा नियम नाही’ एवढे ऐकून निश्चिंत होतात आणि जे घडले त्याकडे पाठ फिरवतात. तुम्ही तसे करू नये. स्पेनमधून १४९२ साली ज्यूंना हाकलण्यात आले आणि पुढे १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे ज्या मुस्लिम कुटुंबांना आधी सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते त्यांच्या वंशजांनाही, देशाबाहेर काढण्यात आले. फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना १५९८च्या नांतच्या फर्मानाने मिळालेले संरक्षण चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतले. ऑटोमन साम्राज्यात १९१५ पासून आर्मेनियन लोकांचा संहार झाला आणि नाझी जर्मनीने युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंचा जीव घेतला. ही यादी तुम्हाला आता शोधावी लागली, तुमच्या मैत्रिणीला ती बहुधा लहानपणापासून ठाऊक असेल. लहान समाजातील मुलांना हा इतिहास फार लवकर शिकावा लागतो.

याच यादीकडे जरा थांबून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. स्पेन आणि फ्रान्समधील निर्णय राजांचे होते. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांनी धर्म सोडावा म्हणून त्यांच्या घरांत राजाचे घोडदळाचे शिपाई मुक्कामाला ठेवले जात आणि ते घरच्यांना हैराण करून सोडत. शेजारच्या कॅथलिक शेतकऱ्याला याबद्दल कोणी विचारले नव्हते. यामुळे तो शेतकरी निर्दोष ठरतो, असे मला म्हणायचे नाही. हाकललेल्यांच्या रिकाम्या घरांना आणि जमिनींना नवे मालक मिळालेच, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले. परंतु ‘बहुसंख्याकांनी केले’ असे म्हटले की आज्ञा देणारा, ती राबवणारा, तिचा लाभ उठवणारा आणि गप्प राहणारा हे सगळे एकाच माणसात मिसळून जातात, आणि मग नेमके कोणाला कुठे अडवता आले असते हा प्रश्न विचारताच येत नाही. मला तो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

संख्या हेच जुलमाचे मूळ असते, तर जिथे जुलूम करणारे थोडे आणि सोसणारे पुष्कळ, अशी उदाहरणे अपवादानेच आढळली असती. प्रत्यक्षात ती विपुल आहेत. दक्षिण आफ्रिकेत जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास असलेल्या गोऱ्यांनी १९४८ पासून जवळजवळ अर्धे शतक वर्णद्वेषाची राजवट चालवली. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १८९० साली कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून अधिक होते; त्याच वर्षी तिथे नवी राज्यघटना करून मतदान-कर आणि वाचनचाचणी अशा अटी घातल्या गेल्या आणि त्या बहुसंख्य लोकांचा मताधिकार व्यवहारात संपुष्टात आला. वसाहतींचा सगळा इतिहास मूठभरांनी कोट्यवधींवर केलेल्या राज्याचा आहे. आणि जातिव्यवस्थेचा विचार केला, तर जोतीराव फुले ज्यांना शूद्रातिशूद्र म्हणत, ते थोडे कुठे होते? समाजातील बहुतांश लोक तेच होते. ज्ञान, जमीन, शस्त्र आणि धर्मशास्त्राचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांना संख्येची गरजच पडली नाही.

या संदर्भात मला रुआंडा आणि बुरुंडी या दोन शेजारी देशांची गोष्ट जरा विस्ताराने सांगायची आहे, कारण तुमच्या मैत्रिणीच्या नियमाची याहून कठोर परीक्षा इतिहासात सापडणे अवघड आहे. दोन्ही देशांत हुतू आणि तुत्सी हेच दोन मुख्य समाज आहेत, त्यांचे प्रमाणही जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी टक्के हुतू आणि चौदा टक्के तुत्सी असे सांगितले जाते. प्रत्येक देशात दोन्ही समाजांची भाषा एकच आहे आणि धर्मही बहुतांशी एकच. दोन्ही देशांवर आधी जर्मनांचा आणि मग बेल्जियमचा अंमल होता. बेल्जियमने तुत्सींना हाताशी धरून कारभार केला आणि रुआंडात तर १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज नोंदवून टाकला. १९५९ पासून रुआंडात हुतूंच्या उठावाने तुत्सींची सत्ता गेली आणि हजारो तुत्सी परागंदा झाले. १९६२ मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी स्वतंत्र झाले. पुढे रुआंडात सत्ता बहुसंख्याक हुतूंकडे राहिली, तर बुरुंडीत सैन्य आणि सत्ता अल्पसंख्याक तुत्सींच्या हाती राहिली. १९७२ मध्ये बुरुंडीच्या सैन्याने एका उठावाचे निमित्त करून शिकलेल्या हुतूंना वेचून मारले. बळींची संख्या लाखाच्या वर गेली असे मानले जाते. १९९४ मध्ये रुआंडात सुमारे १०० दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांतील बहुतेक तुत्सी होती.

समाज तेच, प्रमाण तेच. एकीकडे थोड्यांनी पुष्कळांना मारले, दुसरीकडे पुष्कळांनी थोड्यांना. दोन्हीकडे समान होते ते असे, की सैन्य एका समाजाच्या मुठीत होते, माणसाची ओळख सरकारी कागदावर किंवा लोकांच्या मनात पक्की कोरलेली होती, आणि मारणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची खात्री होती. आणखी एक गोष्ट समान होती, आणि तुमच्या पत्राचे उत्तर लिहिताना ती सतत माझ्या डोळ्यांपुढे राहिली. बुरुंडीतील तुत्सी सत्ताधाऱ्यांनी १९५९ नंतरच्या रुआंडाकडे बोट दाखवून आपल्या लोकांना सांगितले की बहुसंख्याकांच्या हाती सत्ता गेली की आपली हीच गत होणार, म्हणून सत्ता सोडायची नाही. मग ऑक्टोबर १९९३ मध्ये बुरुंडीचे पहिले लोकनियुक्त हुतू अध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांची तुत्सी सैनिकांनी हत्या केली, तेव्हा रुआंडातील हुतू अतिरेक्यांनी त्या हत्येकडे बोट दाखवून सांगितले की तुत्सींशी सत्ता वाटून घेतली की असेच होते. जुलूम अटळ आहे ही समजूतच दोन्हीकडे आधी घाव घालण्याचे कारण ठरली. तुमची मैत्रीण असे काही करणार नाही, हे उघड आहे. तरीही एखादे दुःखद निरीक्षण ‘हा नियमच आहे’ या भाषेत गेले की त्यातून काय काय निघू शकते, हे आपल्याला ठाऊक असावे.

रुआंडातील बळींमध्ये हुतूही होते. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या, आणि संहाराच्या अगदी सुरुवातीला, ७ एप्रिल १९९४ रोजी, त्यांना ठार करण्यात आले. बहुसंख्याक समाज एकमुखाने जुलूम करतो असे असते, तर जुलूम करणाऱ्यांना आधी आपल्याच समाजातील अशा माणसांना वाटेतून दूर करावे लागले नसते.

त्याच एप्रिलच्या अखेरीस, २७ तारखेला, दक्षिण आफ्रिकेत सर्वांनी मतदान केले. तिथल्या गोऱ्या राजवटीनेही वर्षानुवर्षे हाच नियम सांगितला होता: बहुसंख्याकांना मत दिले की आम्ही संपलो. बहुसंख्याकांना मत मिळाले. नव्या सत्तेत पुष्कळ दोष निघाले, विषमता आजही भीषण आहे. परंतु ज्या सूडाची भीती घालून काळ्या माणसांचे हक्क नाकारले गेले होते, तो सूड राज्याने उगवला नाही. १९९६च्या राज्यघटनेत अकरा भाषांना अधिकृत दर्जा मिळाला आणि त्यांत आधीच्या राज्यकर्त्यांची आफ्रिकान्सही होती.

मग संख्या निरुपद्रवी आहे का? तसेही नाही. संख्या केव्हा धोकादायक होते, याचे सर्वांत नेमके उत्तर मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विवेचनात सापडते. राजकीय बहुमत आणि जन्माने ठरणारे बहुमत या दोहोंत त्यांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात स्पष्ट भेद केला होता. राजकीय बहुमत घडते, मोडते, पुन्हा वेगळ्या माणसांचे होते. आज हरलेला उद्या जिंकू शकतो, त्यामुळे जिंकणारा जपून वागतो. जन्माने मिळालेले बहुमत बदलत नाही. त्याच्यापुढे हरलेला कायमचा हरलेला असतो, आणि तरीही मतमोजणी झाली म्हणून त्या व्यवहाराला लोकशाही हे नाव मिळते. उत्तर आयर्लंडमध्ये १९२१ ते १९७२ अशी एकावन्न वर्षे एकच पक्ष सत्तेत राहिला, कारण प्रोटेस्टंट अधिक आणि कॅथलिक कमी होते, आणि मते धर्मावर पडत. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, तर तिथे प्रभागांच्या सीमा अशा आखल्या गेल्या की नगरपालिका प्रोटेस्टंटांच्या पक्षाच्याच हाती राहिली. म्हणजे संख्या आपल्या बाजूची असेल तेव्हा संख्येचा आधार, आणि नसेल तेव्हा नकाशाचा.

कायमचे बहुमत जेव्हा स्वतःला असुरक्षित समजू लागते, तेव्हा धोका दुणावतो. श्रीलंकेत सिंहली लोक सुमारे सत्तर टक्के होते. तरीही समुद्रापलीकडच्या तमिळनाडूकडे पाहून आपली भाषा आणि धर्म बुडतील अशी भीती त्यांच्यात होती, आणि ब्रिटिश काळात सरकारी नोकऱ्यांत तमिळांना संख्येच्या मानाने अधिक जागा मिळाल्याची चीडही होती. भीती पूर्णपणे निराधार नव्हती आणि तक्रारही खोटी नव्हती. परंतु १९५६ मध्ये फक्त सिंहली ही राजभाषा ठरवण्यात आली. पंतप्रधान बंदरनायके यांनी पुढच्याच वर्षी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तडजोडीचा करार केला. विरोधकांच्या आणि भिक्खूंच्या दबावाखाली १९५८ मध्ये तो त्यांनीच रद्द केला, आणि १९५९ मध्ये एका भिक्खूनेच त्यांची हत्या केली. दोन मोठे सिंहली पक्ष एकमेकांपेक्षा अधिक कडवे दिसण्याची चढाओढ करत राहिले. १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध चालले. तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, पण तोवर फार उशीर झाला होता.

फिनलंडची सुरुवात याहून फारशी वेगळी नव्हती. तिथे स्वीडिश ही शतकानुशतके कारभाराची, न्यायालयाची आणि विद्यापीठाची भाषा होती; फिन्निश बोलणारा फार मोठा समाज स्वतःच्या देशात दुय्यम होता. १९१७ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर ‘आता फक्त आमची भाषा’ असे म्हणण्यास त्यांना कारण होते, आणि म्हणणारेही पुष्कळ होते. हेलसिंकी विद्यापीठातील भाषेचा वाद १९३०च्या दशकापर्यंत धगधगत राहिला. तरीही १९१९च्या राज्यघटनेने दोन्ही भाषांना राष्ट्रभाषा मानले आणि १९२२च्या कायद्याने ठरवून दिले की एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत दुसरी भाषा बोलणारे ठरावीक प्रमाणाहून अधिक असतील, तर कारभार दोन्ही भाषांत चालेल. आज स्वीडिश बोलणारे पाच टक्क्यांच्या आसपास आहेत आणि तो हक्क कायम आहे.

इथेच थांबलो तर फिनलंडची आरती केल्यासारखे होईल, म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. त्याच फिनलंडमध्ये उत्तरेकडील सामी या मूळनिवासी समाजाच्या मुलांना वसतिगृहांच्या शाळांत घालून त्यांची भाषा तोडण्यात आली, आणि सामी भाषांना कायद्याचे संरक्षण मिळायला १९९०चे दशक उजाडावे लागले. बहुसंख्याक समाज तोच, काळ तोच, आणि दोन अल्पसंख्याकांशी वागणूक मात्र दोन तऱ्हांची. स्वीडिश बोलणाऱ्यांकडे शिक्षण होते, मालमत्ता होती, स्वतःचा राजकीय पक्ष होता आणि शेजारी स्वीडन होता. सामी थोडे हजार, विखुरलेले, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. मला या तुलनेतून जे दिसते ते सुखद नाही: बहुसंख्याकांचा चांगुलपणा बहुधा तिथेच प्रकट होतो, जिथे तो नाकारल्यास काही किंमत मोजावी लागेल. म्हणून चांगुलपणावर विसंबून न राहता तो हक्काच्या रूपाने लिहून ठेवावा लागतो, आणि ज्यांच्यामागे कोणी उभे नाही त्यांच्यासाठी तर आधी लिहावा लागतो.

‘मनुष्यस्वभावच तसा’ असेही तुम्हाला ऐकवले जाईल. त्याला थोडा आधार आहे. हेन्री ताय्फेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत, कोणता चित्रकार अधिक आवडतो असल्या क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी मुलांनी पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप दिले. मात्र नंतरच्या प्रयोगांत, चांगले काही वाटण्याऐवजी त्रासदायक काही वाटायला सांगितले, तेव्हा हा पक्षपात बराच क्षीण झाल्याचे दिसले. आपल्याला अधिक मिळावे असे वाटणे आणि दुसऱ्याला छळणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते कापायला कायदा, अपप्रचार आणि अभय लागते. ही तिन्ही कोणीतरी पुरवतो.

आणि जे माणसांनी उभे केले ते माणसांना उलटवताही येते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत आश्वासक उदाहरण इटलीच्या उत्तर सीमेवरच्या दक्षिण तिरोलचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली, आणि मुलांना स्वतःची भाषा चोरून शिकवण्यासाठी तळघरांतून गुप्त शाळा चालू लागल्या. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून या लोकांपुढे पर्याय ठेवला: देश सोडून जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. तुमच्या मैत्रिणीच्या नियमाप्रमाणे ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. १९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला. पहिली स्वायत्तता मिळाली ती अशा मोठ्या प्रांताला, की ज्यात जर्मनभाषक पुन्हा अल्पसंख्याकच ठरले. असंतोष पेटला, १९६१ मध्ये बाँबस्फोट झाले, प्रश्न संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेला. अखेर १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने शाळा, भाषा आणि सरकारी नोकऱ्यांतील प्रमाणशीर वाटा यांची हमी मिळाली, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे औपचारिकपणे जाहीर केले. या व्यवस्थेतही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मुले भाषेनुसार वेगळ्या शाळांत वाढतात, हे मला चांगले वाटत नाही. पण ज्या राज्याने एक भाषा तळघरात ढकलली होती, त्याच राज्याच्या कार्यालयांत आज ती हक्काने वापरली जाते. इटालियन बहुसंख्याक या मधल्या काळात कमी झाले नव्हते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही तो ‘नियम असेल तर’ अशा अटीने विचारला आहे. नियम नाही, म्हणूनच तो प्रश्न खरा आहे. नियम असता तर करण्यासारखे काही उरलेच नसते.

१९४३ साली बल्गेरिया जर्मनीचा मित्रदेश होता. तिथल्या संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव यांनी काही वर्षांपूर्वी ज्यूविरोधी कायद्याला पाठिंबा दिला होता. मार्चमध्ये त्यांच्या क्युस्तेंदिल या गावातील काही लोक राजधानीत येऊन त्यांना भेटले आणि ज्यूंना देशाबाहेर पाठवण्याची तयारी सुरू असल्याचे त्यांनी सांगितले. पेशेव यांनी सरकारकडे जाऊन तो हुकूम थांबवण्याचा आग्रह धरला आणि मग निषेधाचे पत्र लिहून सत्ताधारी बाजूच्याच बेचाळीस खासदारांच्या सह्या त्यावर घेतल्या. त्यांचे पद गेले. परंतु धर्मगुरूंचा आणि इतरांचा विरोधही त्यात मिळाला आणि बल्गेरियातील सुमारे अठ्ठेचाळीस हजार ज्यू मृत्युछावण्यांतून वाचले. त्याच महिन्यात बल्गेरियाच्या ताब्यातील मॅसिडोनिया आणि थ्रेस या प्रदेशांतील अकरा हजारांहून अधिक ज्यूंना मात्र जर्मनांच्या हवाली करण्यात आले. त्यांना नागरिकत्व दिलेले नव्हते, त्यांच्या गावचे कोणी राजधानीत येऊन कोणाला भेटले नाही. एकाच सरकारच्या हातून, एकाच महिन्यात, या दोन्ही गोष्टी घडल्या.

आधी चुकीच्या बाजूला असलेल्या माणसाला नंतर काही करता येते, हे तुम्हाला यातून दिसावे म्हणून मी हे सांगतो आहे. तुमच्या संघटनेतील प्रसंगाची या घटनांशी तुलना नाही, आणि तुम्हीही ती करू नका. तसे केल्याने तुमच्या मैत्रिणीचे साधे, नेमके दुखणे एका प्रचंड शोकांतिकेत हरवून जाईल. तिचे दुखणे असे आहे: इतरांच्या दृष्टीने तो सोयीचा प्रश्न होता, तिच्या दृष्टीने श्रद्धेचा, आणि दोन्ही एकाच मतमोजणीत टाकले गेले. सभा सकाळी घ्यावी की सायंकाळी, हे बहुमताने ठरवण्यात काही वावगे नाही, कारण त्यात आजचा हरलेला पुढच्या वेळी जिंकू शकतो. ज्या प्रश्नावर तिच्या समाजाचे सहकारी कधीही जिंकू शकणार नाहीत, तो मताला टाकणे हीच चूक होती. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराने अल्पसंख्याकांचा धर्म, भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क वेगळ्या कलमात नोंदवला, तो याच कारणासाठी: काही गोष्टी मतमोजणीच्या बाहेर ठेवाव्या लागतात.

म्हणून तिला इतिहासाची प्रतिउदाहरणे ऐकवायला जाऊ नका. वरचा सगळा मजकूर तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नव्हे. फिनलंड दाखवून तिची भीती चुकीची ठरवणे म्हणजे तिच्याकडून तुमच्या मनःशांतीची तजवीज करून घेणे होईल. तिला आधी एवढे सांगा की मी गप्प बसले आणि ते योग्य नव्हते. त्यावर ती काय म्हणेल याची अपेक्षा ठेवू नका आणि ‘पण मी विरोधात मत दिले नाही’ हे वाक्य तर उच्चारूही नका. मग तिला विचारा की संघटनेच्या नियमांत बदल सुचवायचा असेल तर तो तिला हवा आहे का आणि कसा हवा आहे. कदाचित ती म्हणेल की हा विषय पुन्हा नको. त्या समाजातील सहकाऱ्यांना पुन्हा सर्वांपुढे उभे राहून आपली श्रद्धा समजावून सांगावी लागू नये, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर त्यांचे नाव न घेता, सर्वांना लागू होईल असा ठराव तुम्ही मांडू शकता: वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक सभासदाने आपल्या धर्मातील महत्त्वाचे दिवस कळवावेत, त्या दिवसांवर सभा किंवा मतदान ठेवू नये, आणि हा नियम बदलायचा झाल्यास ज्यांना त्याची झळ पोहोचेल त्यांची संमती घ्यावी.

ठराव मांडणारी आणि त्याला अनुमोदन देणारी व्यक्ती तुमच्याच मोठ्या समाजातील असावी. सभेच्या आधी एकेकट्या सहकाऱ्याशी बोला. त्या दिवशी तुमच्यासारखेच गप्प बसलेले आणखी काही जण असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांना कोणीतरी आधी बोलण्याची गरज आहे. काही जण म्हणतील की आज तारीख बदलली तर उद्या काय काय मागतील. त्यांच्यावर रागावू नका, उद्याची ती मागणी कोणती असेल असे त्यांना शांतपणे विचारा. बहुतेकांना ती सांगता येत नाही. ज्यांना सांगता येईल, त्यांच्याशी त्या मागणीच्या गुणदोषांवर बोलता येईल.

ठराव पहिल्याच सभेत मंजूर होईल असे धरून चालू नका. तो फेटाळला गेला, तर कोणी कोणती हरकत घेतली ते लिहून ठेवा, मसुद्यात जिथे खरोखर त्रुटी असेल तिथे दुरुस्ती करा आणि पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर घाला. दक्षिण तिरोलमध्ये पहिल्या करारापासून वाद मिटेपर्यंत सेहेचाळीस वर्षे गेली, तुम्हाला तितकी लागणार नाहीत.